वास गेला त्या वर्षी

बर्फाच्या टेम्पोने मला पाडलं तेव्हा रक्त आलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची काही वर्षं ज्याने त्याने मला हेच ऐकवलं.

वसईच्या बाजारात सकाळी मी माझी मासळीची पाटी खाली उतरवत होते. टेम्पो मागे आला. मागे उभा राहून हात दाखवायला क्लीनर नव्हता. मागच्या फळकुटाचा धक्का खांद्याला बसला, मी उताणी पडले आणि डोक्याचा मागचा भाग गटाराच्या दगडी कडेवर आपटला. हे सगळं मला नणंदेने सांगितलं. ती शेजारीच बसली होती. ती म्हणते, मी उठले, ड्रायव्हरला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या दिल्या, पदर झटकला, पाटी लावली आणि दुपारपर्यंत सगळा माल विकून उठले. भावही चांगला घेतला म्हणे.

मला त्यातलं काही आठवत नाही. तो बाजार मी केला हे मला मान्य करावं लागतं, कारण पाटी रिकामी होती. पण तो करणारी बाई कोण होती, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

डॉक्टरांनी टेंगूळ चाचपलं, गोळ्या दिल्या, दोन दिवस झोपून राहायला सांगितलं. पोलिसांच्या कागदात किरकोळ दुखापत लागली.

मी पाचूबंदरची. तिथेच जन्मले, तिथेच लग्न झालं. चर्चच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि मग आईने हातात पाटी दिली. पुढचं सगळं मी केलं. सुक्या मासळीचा धंदा होता माझा. बोंबील, करंदी, जवळा. बंदरावरून घाऊक माल उचलायचा, वसईच्या बाजारात बसायचं, आणि उरलेला तुळिंज-आचोळ्याच्या दुकानदारांना पुरवायचा. तिकडे तेव्हा नव्या चाळी उठत होत्या आणि मासळी खाणारी माणसं दर महिन्याला वाढत होती. माझ्याशी भाव करायला लोक घाबरत. मी भांडायचे, माल फेकून द्यायचे, निघून जायचे, परत यायचे. तो राग माझ्या कामाचा होता. तराजूबरोबर बाहेर काढायचा आणि तराजूबरोबर आत ठेवायचा.

सुक्या मासळीत खरा तराजू नाक असतं. बोंबील बांबूच्या वलांड्यांवर वाळतो. नीट ऊन लागलेल्याचा वास वेगळा, दव पडून भिजलेल्याचा वेगळा, आणि खाली पडलेला माल धुऊन पुन्हा टांगला असेल तर तोही वेगळा. आमच्याकडे जाणती बाई मालाला हात लावत नाही. जी चाचपून बघते ती शिकाऊ. गोणीचं तोंड उघडायचं, वाकायचं, एकदा हुंगायचं आणि भाव बोलायचा. मी वाकले की विकणारीचा जीव खाली-वर व्हायचा.

पडल्यानंतर काही दिवसांनी नवरा होडीवरून घरी आला आणि दारातच म्हणाला, "भात करपवलास काय?" मी चुलीपाशीच बसले होते. टोप उघडला तर भात तळाला काळा झालेला. मी म्हटलं, बोलता बोलता लक्ष गेलं नाही. बोलायला घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वलांड्यांकडे गेले आणि टांगलेल्या बोंबलांत तोंड घातलं. काहीच नाही. कोऱ्या कापडात तोंड घातल्यासारखं. कांदा फोडला, डोळ्यांत पाणी आलं पण वास नाही. पायातली चप्पल हुंगली. त्या वेळी मला कोणी बघितलं असतं तर वेडीच म्हटलं असतं.

सर्दी असेल असं मी स्वतःला सांगत होते. मग स्टोव्हचं झालं. मी काडेपेटी हातात घेतली होती, तेवढ्यात नणंद दारातून आत आली आणि तिने माझा हात असा धरला की मनगटावर वळ उठला. "वयनी, घासलेट सांडलंय सगलीकडे. तुना वास येत नाय?" मी खाली बघितलं. जमीन ओली होती, मी तिच्यात उभी होते, साडीची किनार भिजली होती. मला वाटलं होतं पाणी सांडलंय.

मी खाली बसले आणि तिला खरं सांगितलं. तिने दार लावलं. पहिल्यांदा तिच्या तोंडून आलं ते हे: "कोनाला बोललीस?"

"नाय."

"मग बोलू नको. नायतर सगल्या गावचा कुजका माल तुझ्याच पाटीत येल."

ती बरोबर होती, आणि त्या दिवसापासून मी दोन भीतींमध्ये राहू लागले. एक घरातली. झाकण लावलं का, स्टोव्ह बंद केला का, दूध नासलंय का, माझ्या अंगाला वास तर येत नाही. मी दिवसातून तीनदा तोंड धुवायचे. दुसरी बंदरावरची, की कोणाला कळेल.

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. दुपारच्या उन्हात डोळ्यांत सुया टोचायच्या. डोकं मागून दुखत पुढे यायचं. शब्द हरवायचे, एकदा मला 'तागडी' हा शब्द आठवेना, आणि ती माझ्या हातात होती. तिघी बायका तीन भाव बोलल्या की पूर्वी तिन्ही माझ्या डोक्यात स्वच्छ उभे असायचे. आता तिसरा ऐकला की पहिला पुसला जायचा. आणि राग. तो आता माझं ऐकत नव्हता. एक गिऱ्हाईक जवळा महाग म्हणाली म्हणून मी वजन उचलून फेकलं. पाव किलोचं लोखंडी वजन. ते तिच्या कानाजवळून गेलं. ती किंचाळली तेव्हा मला कळलं की मी फेकलंय.

सगळे म्हणाले, ही पहिल्यापासूनच अशी आहे.

बर्फवाला, त्या टेम्पोचा मालक, घरी आला तो केळ्यांचा घड घेऊन. बंदरावर सगळ्यांना बर्फ तोच पुरवायचा, त्यामुळे त्याच्यापुढे कोणी मोठ्याने बोलत नसे. खाटेवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "ताई, रक्त आलं नाही, हाड मोडलं नाही. केस कसली करता? मी काही परका आहे का? डॉक्टरचं काय झालं असेल ते बोला, वर तुमच्या मनाला बरं वाटेल तेवढं बोला. इथेच मिटवू."

नवरा कोपऱ्यातून डोळ्यांनी सांगत होता, मिटव. त्याला होडीसाठी बर्फ लागत होता.

असा माणूस, असा प्रस्ताव. याच्यासाठी मी जन्मले होते. त्याला मी संध्याकाळपर्यंत घाम फोडला असता. पण तो एक आकडा बोलला, मग दुसरा बोलला, आणि मला पहिला आठवेना. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी मुद्दाम गप्प आहे, म्हणून तो तिसरा बोलला. माझ्या काखेत घाम आला. मला दिसत होतं की मी आता काहीही बोलले तर हा मला फसवणार, आणि फसवलं हे मला कळणारही नाही.

"केळी उचला," मी म्हटलं. "आता वकील बोलेल."

तो हसला. "वकिलाला काय दाखवणार? टेंगूळ तर बसलं."

नवऱ्याने त्या रात्री जेवण घेतलं नाही. "बर्फ कोन देनार आता? तुझा वकील?" एवढंच बोलला.

वकील वसईतलेच होते, कोर्टाजवळ छोटी खोली, दम्याने सारखे खोकणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, अशा अपघातांसाठी ठाण्याला वेगळं न्यायालय आहे, अर्जाची मुदत संपत आली आहे, आता उशीर करू नका. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "हात तुटला तर हात दाखवता येतो. तुमची जखम दिसत नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी दिसली आहे, असं सांगणारं माणूस लागेल. आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जा. आणि धंद्यावर काय परिणाम झाला ते कोर्टात सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर म्हणजे?"

"बर्फवाला साक्षीदार आणणार. तुमच्या बंदरावरचेच आणणार."

मी घरी येईपर्यंत हाच विचार करत होते. वास गेला हे सिद्ध झालं नाही तर भरपाई नाही. सिद्ध झालं तर धंदा नाही. एवढा वाईट सौदा मला आयुष्यात कोणी देऊ केला नव्हता.

मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगून बाटल्या नाकाशी धरल्या. लवंगेचं तेल. नाही. कॉफी. नाही. मग एक बाटली धरली आणि माझं डोकं मागे गेलं, डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय झालं?"

"झोंबलं. मिरचीसारखं. पण वास नाही आला."

त्यांनी लगेच काहीतरी लिहिलं. मी घाबरले, वाटलं चुकीचं बोलले. त्या म्हणाल्या, "नाही, बरोबर बोललात. अमोनियाची वाफ नाकाला झोंबते, त्याची नस वेगळी असते. सोंग करणारा माणूस यालाही नाही म्हणतो." मग कवटी आपटली की नाकाच्या वर मेंदूकडे जाणारे बारीक धागे कसे तुटतात ते त्यांनी समजावलं. विसरणं, उजेडाचा त्रास, भडकणं हेही त्याच माराचं. मी विचारलं, वास परत येईल का. त्या म्हणाल्या, इतक्या महिन्यांत आला नाही म्हणजे आशा कमी.

मेंदूला काही झालंय हा विचार मी कितीतरी दिवस टाळत होते. त्या बाईंनी ते सरळ बोलून दाखवलं आणि मला इस्पितळाच्या बाकावर बसून राहावं लागलं.

तारखा पडत राहिल्या. तोवर धंदा चालवायचा होता. नणंद बरोबर यायची. मी गोणीवर वाकायचे, ती माझ्या मागे उभी राहायची. माल चांगला असेल तर ती गप्प. खराब असेल तर म्हणायची, "वयनी, निघ आता, एसटी चुकंल." मी माल नाकारून उठायचे. बायका म्हणायच्या, हिचं नाक अजून तसंच आहे. ते ऐकून मला हायसं वाटायचं, पण हेच वाक्य कोणी ठाण्याला जाऊन बोललं तर?

मग नणंदेच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा आला. मी एकटी बंदरावर गेले. न जाण्याची सोय नव्हती; आचोळ्याच्या दुकानदाराला शब्द दिला होता. माझ्याच वयाची, माझ्याशी पहिल्यापासून खुन्नस असलेली एक व्यापारीण आपल्या शेडमध्ये गोणी मांडून बसली होती. आत अंधार, बाहेर डोळे फोडणारं ऊन. मी वाकले. नाक आत घातलं. छाती भरून हवा ओढली. काहीच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

हात घातला असता तर कळलं असतं. पण मी हात कसा घालणार? मी हात घालणारी बाई नव्हते. आयुष्यात कधी घातला नव्हता. हात घातला की तिला कळलं असतं. म्हणून मी पूर्वीसारखा ओठ मुरडला आणि भाव पाडून मागितला. तिने थोडं भांडून दिला. फार थोडं भांडली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वरचा थर सोडला तर आतला सगळा माल भिजून कुजलेला होता. आचोळ्याच्या दुकानदाराने गोण्या माझ्या दारात आणून टाकल्या आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. शेजारणी दारं लावून घेत होत्या. मी त्या गोण्यांच्या मधोमध उभी होते आणि मला काहीही होत नव्हतं.

ठाण्याच्या कोर्टात बर्फवाल्याने त्याच व्यापारिणीला साक्षीला उभं केलं.

ती जरीची साडी नेसून आली होती. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाने तिला गोड आवाजात विचारलं आणि तिने गोड आवाजात सांगितलं. ही बाई अपघाताच्या आधी जशी होती तशीच आहे. भांडकुदळ तेव्हाही होती. धंदा जोरात आहे. "परवाच तर माझ्याकडून माल हुंगून घेऊन गेली, साहेब. भावसुद्धा पाडला."

वकील माझ्याकडे वळून हसला. बर्फवाला मागच्या बाकावर पायावर पाय टाकून होता. बंदरावरचे अजून चार-पाच जण होते. मला माहीत होतं, आमचे वकील आता उठून इस्पितळाचा कागद पुढे करणार, नणंद साक्षीला येणार, आणि ती सांगणार की ती माझ्यासाठी हुंगते. पण कागद आणि घरची नणंद यांच्यापुढे ही जरीची साडी भारी पडणार, हेही मला दिसत होतं. डोकं मागून दुखायला लागलं होतं.

मी उभी राहिले. "कुजका होता तो माल. कुजका माल विकतेस तू, तुझी आईपण तेच विकायची."

न्यायाधीश साहेबांनी मला बसायला सांगितलं. आमचे वकील पदर ओढत होते. पण ती बंदरावरची बाई होती. आईचं नाव निघाल्यावर ती कोर्टात आहे की शेडमध्ये, याचा तिला विसर पडला.

"कुजका होता तर घेतलास कशाला? आख्ख्या बंदराला वास सुटला होता. कुत्री येत होती. तुझं नाक त्या गोनीत होतं आनि तुनाच नाय आला? मेलंय तुझं नाक, म्हनून—"

ती थांबली. तिने बर्फवाल्याकडे बघितलं.

साहेबांनी चष्मा काढला, टायपिस्टकडे बघून म्हणाले, "साक्षीदार काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत घ्या." आणि मला सांगितलं की पुन्हा तोंड उघडलं तर बाहेर काढीन.

लोक अजून मला विचारतात, ते मी ठरवून केलं होतं का. हुशारी म्हणून मी हो म्हणते. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं की वजन फेकलं त्या दिवसासारखं होतंय. जर ते तसंच असेल, तर माझा खटला माझ्या दुखण्याने जिंकला, मी नाही. त्या टेम्पोने पाडल्यावर बाजार करणारी ती दुसरी बाई, तीच तिथे बोलली असेल.

निकाल लागला. मागितलं त्यापेक्षा बरंच कमी मिळालं, आणि तेही उशिरा. बर्फवाल्याने कधी एका शब्दाने माफी मागितली नाही. त्याच्या वतीने विमा कंपनीने भरलं, त्याचं काय गेलं? त्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशीही त्याच बाजारात मागे येत होता, क्लीनरशिवाय. मी हे विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मी एकच सांगते. रक्त आलं नाही म्हणून घरी जाऊ नका, आणि बर्फवाल्याच्या केळ्यांना हात लावू नका. आधी डॉक्टर, मग वकील, आणि मुदत विचारून घ्या.

त्या साक्षीची बातमी बंदरावर आमच्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर बायका माझ्याशी फार चांगलं बोलल्या. एकीने स्टूल दिलं. एकीने स्वतःहून भाव कमी सांगितला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी एकही गोणी न घेता परत आले.

नणंद माझी वाट बघत ओट्यावर बसली होती. तिला काही सांगायची गरज पडली नाही.

"आता उघडंच झालंय," ती म्हणाली. "तर मग उघडच करू. मी हुंगनार, तू भाव करनार. अर्धा."

"अर्धा कशाला? गिऱ्हाईक माझं, ओळख माझी, पाटी माझी. तिसरा हिस्सा घे."

"मग तूच हुंग."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिच्याशी भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. तरी मी थोडा वेळ भांडले. ती ऐकून घेत राहिली, शेवटी म्हणाली, "झालं का तुझं, वयनी?" आणि आम्ही अर्ध्यावर मिटवलं.

तेव्हापासून ती वाकते आणि मी तिच्या तोंडाकडे बघते. बोंबलाकडे मी बघत नाही. तिची नाकपुडी हलते, भुवई किंचित उचलते, आणि त्यावर मी आकडा बोलते, बोटांवर पक्का धरून. ती माझ्याशी खोटं बोललेली नाही, असं मला वाटतं. पण तिला सर्दी होते. वय होतंय. हिवाळ्यात सकाळी ती शिंकली की मी तिच्या हातातली गोणी खाली ठेवायला सांगते, आणि आम्ही दोघी रिकाम्या हाताने घरी येतो.